जुन्नर व आंबेगाव परिसरातील उष्णोदकाची सोय : साधनांची निवड आणि भांडवलाची व्यवस्था

पाहुण्यास स्नानासाठी ऊन पाणी देणे ही आतिथ्यातील अगदी प्राथमिक बाब होय. घरी आलेल्या एखाद्या आप्तासाठी चुलीवर हंडा चढविला की हे कर्तव्य पार पडते. परंतु ज्या गृहस्थास किंवा संस्थेस हेच पाणी दररोज वीस, पन्नास वा शंभर माणसांस पुरवावयाचे असते, त्याच्यापुढे दोन निराळे प्रश्न उभे राहतात. पाणी तापविण्याचे कोणते साधन निवडावे हा पहिला, आणि त्यास लागणारा पैसा कोठून व कोणत्या अटींवर आणावा हा दुसरा. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत हे दोन्ही प्रश्न आज प्रत्यक्ष व्यवहाराचे झाले आहेत. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून घोषित केला. २०२० मध्ये राज्याचे कृषिपर्यटन धोरण मंजूर झाले. लेण्याद्री, ओझर व भीमाशंकर येथील यात्रेकरूंचा ओघ तर त्याहून कितीतरी जुना आहे. भक्तनिवास, कृषिपर्यटन केंद्रे, हमरस्त्यावरील लॉज आणि घरगुती निवासाच्या सोयी यांची संख्या वाढत असता, ऊन पाण्याचा खर्च हा अशा व्यवसायाच्या नफ्यातोट्याचा एक निर्णायक घटक ठरतो.

या प्रश्नाचा केवळ यंत्रशास्त्राच्या अंगाने विचार करण्याची प्रथा आहे. तथापि जुन्नर हे असे स्थळ आहे की, येथे प्रवाशाच्या व भिक्षूच्या पाण्याची सोय कोणी केली आणि सोयींच्या निर्वाहासाठी पैसा कसा गुंतविला, याचे लेखी पुरावे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. या पुराव्यांचा व आजच्या व्यवहाराचा एकत्र विचार केल्यास काय हाती लागते, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. शब्दांची साक्ष

मराठीतील उष्णोदकविषयक शब्दसंपत्ती पाहिली असता तीत इतिहासाचे निरनिराळे थर स्पष्ट दिसतात. सर्वांत खालचा थर संस्कृत-प्राकृत परंपरेचा. ‘उष्ण’ या शब्दापासून प्राकृत ‘उण्ह’ व त्यापासून मराठी ‘ऊन’ हा शब्द सिद्ध झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मराठीत ‘ऊन’ हा शब्द सूर्याच्या तापासही लागतो आणि तापलेल्या पदार्थासही लागतो. अंगणात ऊन पडते आणि ताटात ऊन भात पडतो. ‘न्हाणे’ व ‘न्हाणी’ हे शब्द ‘स्नान’ या मूळ शब्दाचे वंशज आहेत. स्वयंपाकासाठी उकळत ठेवलेले पाणी ते ‘आधण’, आणि कढत पाणी अंगास सोसेल असे करण्यासाठी त्यात मिसळावयाचे गार पाणी ते ‘विसण’. या शेवटच्या शब्दामागे व्यवहारातील एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे; त्याचा विचार पुढे चौथ्या भागात केला आहे.

दुसरा थर फारसी-अरबी संपर्काचा. ‘हमाम’ हा शब्द तापविणे या अर्थाच्या अरबी धातूपासून आलेला असून तो मराठीत सुलतानशाहीच्या काळात रुजला. तिसरा थर ‘बंब’ या शब्दाचा. पाणी उपसण्याचे यंत्र या अर्थाच्या पोर्तुगीज ‘बोंबा’ शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. आग विझविणारा तो बंब आणि पाणी तापविणारा तोही बंब, हा अर्थविस्तार मराठीच्या स्वभावास धरूनच आहे. नाणेघाटाच्या पायथ्याशी असलेल्या कोकणपट्टीत चौल व वसई येथे पोर्तुगीजांचे वास्तव्य दीर्घकाळ होते. वसई मराठ्यांकडे आली ती १७३९ मध्ये. चौथा थर ‘गीझर’ या शब्दाचा. आइसलँडमधील एका उष्ण फवाऱ्याचे ते विशेषनाम. १८६८ मध्ये लंडन येथे बेंजामिन मॉन याने गॅसवर पाणी तापविणाऱ्या आपल्या यंत्रास ते नाव दिले आणि तेथून ते भारतीय भाषांत आले.

या संदर्भात ‘भांडवल’ या शब्दाकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘भाण्ड’ म्हणजे पात्र, तसेच व्यापाराचा माल. या पदापासून एकीकडे ‘भांडे’ व दुसरीकडे ‘भांडवल’ असे दोन शब्द मराठीस मिळाले. पाणी तापविण्याचे भांडे आणि ते घेण्यासाठी लागणारे भांडवल हे अशा रीतीने एकाच कुळातील ठरतात. हा योगायोग केवळ ध्वनीचा नाही, हे बंबाच्या अर्थकारणावरून दिसून येईल.

२. लेण्यांतील पाणी आणि श्रेणींतील ठेवी

जुन्नरच्या सभोवती मानमोडी, लेण्याद्री, तुळजा व शिवनेरी या डोंगरांत दोनशेच्या जवळपास लेणी व कोरीव वास्तू आहेत. कल्याण व सोपारा या बंदरांकडून नाणेघाट चढून येणारा व्यापारी मार्ग जुन्नरास पोचत असे. येथील शिलालेखांचे पद्धतशीर वाचन प्रथम भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९१२ मध्ये ल्यूडर्सने आपल्या सूचीत त्यांचा समावेश केला आणि वा. वि. मिराशी यांच्या सातवाहन व पश्चिमी क्षत्रप यांविषयीच्या ग्रंथामुळे मराठी अभ्यासकांस या काळातील लेख सुलभ झाले.

या लेखांत ‘पोढी’ हा शब्द वारंवार येतो. खडकात कोरलेले, तोंड लहान व पोट मोठे असे पाण्याचे टाके म्हणजे पोढी. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघास भोजनमंडप दिला. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व एक पोढी दिली. मानमोडीवरील एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याने वर्ष ४६ मध्ये पोढी व मंडप दिल्याचे नमूद आहे. हे वर्ष शकसंवताचे मानल्यास इसवी सन १२४ येते. निवास, भोजन व पाणी या आतिथ्याच्या तिन्ही अंगांसाठी निरनिराळ्या दात्यांनी खर्च केला, हे येथे स्पष्ट आहे. दात्यांत राजपुरुष आहेत, परदेशीय आहेत आणि व्यावसायिकांचे संघही आहेत.

परंतु या लेखांचे खरे महत्त्व दुसऱ्याच एका बाबीत आहे. टाके कोरणे हा एकदाच करावयाचा खर्च. त्यास लेखांत ‘देयधम’ म्हणजे धर्मदाय असे म्हटले आहे. मात्र वास्तू दिल्याने तिचा निर्वाह होत नाही. म्हणून जुन्नरच्या लेखांचा एक गट उत्पन्नाच्या देणग्यांचा आहे. कोणाचिक श्रेणीतील आदुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तने व वडाच्या झाडांसाठी नऊ निवर्तने जमीन दिली. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे व कासारांच्या श्रेणीकडे ठेवी ठेवल्याचा उल्लेख आहे. प्रचलित वाचनानुसार दरमहा पहिल्या ठेवीचा दर पावणेदोन व दुसऱ्या ठेवीचा पाव असा होता. धातूची भांडी घडविणारा कारागीरवर्ग जुन्नरास इतका संघटित व विश्वासार्ह होता की, लोक त्याच्याकडे धर्मादाय रक्कम कायम ठेव म्हणून ठेवीत, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे.

या व्यवस्थेचे अधिक तपशीलवार दर्शन नाशिकच्या लेण्यांत घडते. नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष ४२ मध्ये तीन हजार कार्षापणांची ‘अखयनिवि’ म्हणजे अक्षय ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींत ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असा व्याजाचा दर होता. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. आणि लेखातच वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे असे म्हटले आहे. वीस गुणिले बारा म्हणजे २४०. भांडवल किती हवे हे खर्चावरून उलट मोजून ठरविले गेले होते, हे यावरून सिद्ध होते. मुद्दल परत द्यावयाचे नाही, केवळ वाढ उपभोगावयाची, अशी अट त्या लेखात आहे. तेथील ‘पायून’ हा शब्द म्हणजे आजचा ‘पाऊण’, आणि ‘वधि’ हा शब्द ‘वाढ’ व ‘वाढीदिढी’ यांतील ‘वाढी’ यांचा आप्त. उषवदाताच्याच दुसऱ्या लेखात भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे त्याने प्रवाशांसाठी प्रतिश्रय बांधल्याचे व नदीच्या उतारांवर प्रपा घातल्याचे वर्णन आहे. ‘प्रपा’ हाच ‘पाणपोई’तील ‘पोई’ होय.

पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी उपासिका विष्णुदत्ता हिने नाशिकच्या संघातील आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी अनेक श्रेणींत ठेवी ठेवल्या. त्यांत कुंभारांच्या श्रेणीकडे एक हजार, तेल्यांच्या श्रेणीकडे पाचशे आणि ‘ओदयंत्रिक’ म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण होते. जलयंत्रे करणारा व्यवसाय त्या काळी स्वतंत्र होता आणि त्याची पत इतरांपेक्षा कमी नव्हती, हे या आकड्यांवरून दिसते.

३. जन्ताघर, हमाम आणि बंब

पोढीतील पाणी गार होय. संघातील उष्ण स्नानाची माहिती मिळते ती पाली विनयपिटकातून. जीवक वैद्याच्या विनंतीवरून भिक्षूंस ‘जन्ताघर’ म्हणजे उष्ण स्नानगृह बांधण्याची अनुज्ञा मिळाल्याची कथा तेथे आहे. धूर बाहेर जाण्यासाठी नळी असावी, जमीन फरसबंद असावी, लहान जन्ताघरात अग्निस्थान एका बाजूस व मोठ्यात मध्यभागी असावे, असे नियम त्यात सांगितले आहेत. साधनाची रचना उपयोग करणाऱ्यांच्या संख्येवरून ठरवावी, हे तत्त्व येथे शब्दबद्ध झालेले आढळते.

मध्ययुगात जुन्नर हे निजामशाहीच्या आरंभीच्या इतिहासाशी निगडित झाले. शिवनेरी किल्ल्यावर हमामखाना म्हणून ओळखली जाणारी वास्तू आहे. हमामाची पद्धत अशी की, भट्टी स्नानगृहाच्या बाहेर वा खाली असे आणि उष्णता व पाणी खापरी नळांतून आत खेळविले जाई. धूर व जाळ स्नान करणाऱ्यापासून दूर ठेवणे हा तिचा मोठा गुण. मात्र तिला बांधकामाचा खर्च व इंधनाचा अखंड पुरवठा लागे. त्यामुळे ती राजवाडा, किल्ला अथवा मोठे शहर यांपुरतीच मर्यादित राहिली.

सामान्य गृहस्थास व लहान खानावळीस परवडणारे साधन म्हणजे बंब. तांब्याच्या उभ्या नळकांड्याच्या मध्यातून एक नळी जाते. तिच्या तळाशी जाळी असते. नळीत ढलप्या, गोवऱ्या किंवा कोळसा पेटविला जातो आणि भोवतीच्या पोकळीत पाणी तापते. रशिया व इराण येथील समोवाराचे तत्त्व हेच. जाळ पाण्याच्या मध्यभागी असल्यामुळे उघड्या चुलीच्या मानाने इंधन कमी लागते. पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळी हे या कामाचे प्रसिद्ध केंद्र होय.

तांबे हे उष्णतेचे उत्तम वाहक असल्यामुळे बंब तांब्याचा करीत, असे सामान्यतः सांगितले जाते. तांब्याची उष्णतावाहकता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंचवीस पट आहे हे खरे. परंतु पातळ पत्र्याच्या भांड्यात या फरकाचा परिणाम फार थोडा होतो. तांब्यास महत्त्व होते ते दोन अन्य कारणांमुळे. एक तर ते ठोकून, जोडून, कल्हई करून पुनःपुन्हा दुरुस्त करता येई. दुसरे म्हणजे जुन्या भांड्यास ‘मोड’ म्हणून धातूच्या वजनावर किंमत येई. नडीच्या वेळी बंब गहाण टाकता येई, मोडीत देऊन नवा घेता येई. येथे भांडे हेच भांडवल होते. साधनात घातलेला पैसा बुडत नसे. तो धातूच्या रूपाने घरातच राही. आधुनिक साधनांनी कार्यक्षमता वाढविली, परंतु हा गुण मात्र लोपला. सौर संच वा विद्युत गीझर विकत घेतल्या क्षणापासून त्याचे मोल उतरू लागते आणि निकामी झाल्यावर त्यास नाममात्रच किंमत येते. म्हणूनच आज निवडीचा प्रश्न व कर्जाचा प्रश्न यांची फारकत करता येत नाही.

४. साधनाची निवड

निवडीसाठी प्रथम गरज मोजली पाहिजे. उदाहरणार्थ, वीस पाहुण्यांची सोय असलेले एक केंद्र घ्यावे. प्रत्येकास स्नानासाठी ४० अंश सेल्सिअस तापमानाचे ५० लिटर पाणी द्यावयाचे आहे. पाणी ६० अंशांपर्यंत तापवून त्यात २० अंशांचे गार पाणी निम्मे मिसळले, तर दर माणशी २५ लिटर कढत पाणी पुरे होते. हेच ते विसणाचे तत्त्व होय. एकूण गरज ५०० लिटरांची. हे पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास २०,००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे २३ युनिट विजेइतकी उष्णता लागते.

सुक्या लाकडापासून किलोमागे सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. उघड्या चुलीत तिचा जेमतेम आठवा हिस्सा पाण्यास लागतो. या हिशेबाने रोज सुमारे ४६ किलो लाकूड हवे. एल. पी. गॅसवर, ८० टक्के कार्यक्षमता धरल्यास, सव्वादोन किलोच्या आसपास गॅस लागेल. म्हणजे १९ किलोची व्यापारी टाकी साधारण आठ दिवस पुरेल. विद्युत गीझरास ऱ्हास धरून २५ युनिट लागतील. हवेतील उष्णता ओढून घेणाऱ्या उष्णता-पंपास त्याच्या एकतृतीयांश, म्हणजे सुमारे आठ युनिट पुरतील. सपाट पट्टीच्या सौर संचास दर १०० लिटरांमागे दोन चौरस मीटर, म्हणजे एकूण दहा चौरस मीटर संग्राहक लागेल.

या आकड्यांवर स्थळाचे संस्कार केल्याविना निर्णय करता येत नाही. आंबेगाव तालुक्याचा पश्चिम भाग भीमाशंकरच्या अरण्याचा आहे. १९८५ मध्ये तेथे वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. रोज ४६ किलो लाकूड जाळणारी एकेक निवाससोय तेथे उभी राहिली, तर तिचा भार शेकरूच्या वस्तिस्थानावर आणि डोक्यावरून मोळी वाहणाऱ्या स्त्रियांवर पडतो. चूल स्वस्त वाटते ती तिचे मोल दुसरा कोणी तरी देतो म्हणून.

सौर संचाची अडचण निराळी. माळशेज घाट व भीमाशंकर या भागांत पाहुण्यांची गर्दी पावसाळ्यात व श्रावणात होते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत सूर्यदर्शन दुर्मिळ असते. नारायणगाव-मंचरच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या पट्ट्यात ही अडचण सौम्य आहे. तेथे मात्र विहिरी व कूपनलिका यांचे पाणी बहुधा जड असते आणि संचाच्या नळ्यांत क्षारांचे थर बसतात. अशा ठिकाणी नळ्या वेळोवेळी धुणे, पाणी मृदू करणे अथवा क्षारयुक्त पाणी संग्राहकात न खेळविता उष्णताविनिमयकाने तापविणे, यांपैकी काही तरी करावेच लागते. देवस्थानांची गरज पुन्हा वेगळी. लेण्याद्री व ओझर येथे अंगारकी चतुर्थीस, भीमाशंकर येथे महाशिवरात्रीस व श्रावणी सोमवारी जी गर्दी होते, ती सरासरीच्या हिशेबात मावत नाही. शिवाय सर्वांस पाणी हवे असते ते पहाटेच्या दोन-तीन तासांतच. तेथे तापविण्याच्या वेगापेक्षा साठ्याच्या टाकीस महत्त्व येते.

सुरक्षिततेचा विचार तर सर्वांच्या आधी करावयास हवा. बंद न्हाणीघरात बसविलेला गॅसचा गीझर किंवा तेथे पेटविलेला बंब कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण करू शकतो. या वायूस वास नाही व रंग नाही, आणि तो प्राणघातक आहे. विनयपिटकातील धूरनळीचा नियम व हमामाची बाहेरची भट्टी यांमागील शहाणपण येथे आठवावे. त्याचप्रमाणे साठ्याचे पाणी कोमट ठेवल्यास त्यात श्वसनविकार उत्पन्न करणारे जंतू वाढतात. म्हणून साठा ६० अंशांवर ठेवून वापरताना विसण घालणे हेच आरोग्यास हितकर होय.

या सर्वांचा मेळ घालता, पश्चिम भागातील लहान सोयींस उष्णता-पंप किंवा सौर संचास जोडलेले पूरक साधन, पूर्व भागात सौर संच मुख्य व वीज पूरक, आणि देवस्थानांस मोठा साठा व एकाहून अधिक उष्णतास्रोत, अशी विभागणी युक्त दिसते. वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यता जेथे मोठी, तेथे बाहेरच्या पडवीत एक बंब राखून ठेवणे हे मागासलेपणाचे नव्हे, दूरदृष्टीचे लक्षण मानावे.

५. भांडवलाची तरतूद

सौर साधनांस उत्तेजन देण्याचे शासकीय प्रयत्न बरेच जुने आहेत. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय अक्षय ऊर्जा विकास संस्थेने अशा साधनांसाठी कर्जे उपलब्ध केली. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानाखाली पाणी तापविण्याच्या सौर संचांस भांडवली अनुदान मिळत असे. ते २०१४ मध्ये बंद झाले. सौर साधनांवरील वेगवान घसाऱ्याची सवलत २०१७ मध्ये ८० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आली. अशी सवलत मिळते ती करपात्र नफा असणारासच. डोंगरातील लहान घरगुती निवासास तिचा उपयोग नाही. २०१५ च्या मुद्रा योजनेने लहान व्यावसायिकांस तारणाविना दहा लाखांपर्यंत कर्जाचा मार्ग खुला केला, आणि पूर्वीचे कर्ज फेडलेल्यांसाठी २०२४ मध्ये ती मर्यादा वीस लाख झाली.

परंतु कर्ज मिळणे आणि कर्ज फिटणे या भिन्न गोष्टी आहेत. वरील ५०० लिटरांच्या उदाहरणात, वर्षातील ३०० दिवस ऊन असून दररोज सर्व पाणी वापरले गेले, तर सौर संचामुळे ७,५०० युनिट वीज वाचते. विक्रेत्याचा हिशेब बहुधा असाच असतो. मात्र केंद्रात पाहुणे केवळ शनिवारी व रविवारी येत असतील, तर वापराचे दिवस १०४ उरतात. त्यांतून पावसाळ्याचे चार महिने वजा केल्यास सुमारे ७०. तेव्हा बचत १,७५० युनिटांची, म्हणजे अपेक्षेच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. चार वर्षांत फिटेल असे वाटणारे कर्ज प्रत्यक्षात सतरा वर्षांचे होते, आणि उत्तम निगा राखल्यास संचाचे आयुष्यही पंधरा-वीस वर्षांचेच. अशा स्थितीत संच सुस्थितीत असूनही मालक कर्जात बुडतो. म्हणून संचाचा आकार सर्व खोल्या भरल्या आहेत असे धरून न ठरविता, वर्षभरातील प्रत्यक्ष वस्तीवरून ठरविला पाहिजे. लहान सौर संच रोजच्या गरजेसाठी व स्वस्त पूरक साधन गर्दीच्या दिवसांसाठी, हा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

हप्त्यांच्या रचनेबाबतही हेच म्हणता येईल. पीककर्जाची फेड हंगामानंतर होते, कारण शेतकऱ्याच्या हाती पैसा तेव्हाच येतो. जुन्नरच्या विघ्नहर व आंबेगावच्या भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांमुळे सभासदांचे भागभांडवल आणि उसाच्या बिलातून होणारी वसुली या पद्धती या तालुक्यांस परिचित आहेत. निवासव्यवसायाचे उत्पन्नही हंगामी. त्याच्या कर्जास मात्र दरमहा समान हप्ता लावला जातो. ही विसंगती दूर करणे स्थानिक पतसंस्थांच्या व सहकारी बँकांच्या आवाक्यातील आहे.

याहून महत्त्वाची उणीव निर्वाहाच्या निधीची. बँक साधनासाठी कर्ज देते; नळ्यांतील क्षार काढण्यासाठी, फुटलेली काचनळी बदलण्यासाठी, टाकीच्या गळतीसाठी कोणी कर्ज देत नाही. अनुदानाच्या काळात बसविलेला संच दुरुस्तीअभावी गच्चीवर निकामी पडून राहतो, याचे कारण बहुधा हेच असते. प्राचीन दात्यांनी देयधम व अखयनिवि यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. वास्तूची देणगी व तिच्या निर्वाहाची ठेव या दोन स्वतंत्र बाबी आहेत, आणि दुसरीची रक्कम अपेक्षित वार्षिक खर्चावरून उलट मोजून काढावयाची असते. उदाहरणार्थ, संचाच्या निगेचा खर्च वर्षास सहा हजार रुपये व ठेवीवरील व्याज शेकडा सहा असेल, तर एक लाखाची ठेव हवी. ती एकट्यास जड जाते. परंतु दहा निवासचालकांनी किंवा महिला बचत गटांनी एकत्र येऊन एक निधी व एक कुशल कारागीर राखला, तर प्रत्येकाचा वाटा सुसह्य होतो, कारण सर्वांचे संच एकाच वर्षी बिघडत नाहीत.

अर्थात प्राचीन व्यवस्थेचे अनुकरण तसेच्या तसे करता येणार नाही. चलनाचे मूल्य घसरत असल्यामुळे आजची ठेव अक्षय राहत नाही. व्याजाचा काही अंश मुद्दलात मिळवीत जाणे अवश्य आहे. श्रेणींकडील ठेवींवर धर्मबंधनाचा व लोकलज्जेचा पहारा होता. आज त्याऐवजी लेखापरीक्षा हवी. शिवाय लेण्यांतील दाने धर्मार्थ होती, आणि आजचे निवासचालक नफ्यासाठी व्यवसाय करतात. हे भेद मान्य करूनही मूळ तत्त्व अबाधित राहते.

६. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, जुन्नर परिसरात प्रवाशाच्या पाण्याची सोय ही आरंभापासून सामुदायिक भांडवलाची बाब होती, आणि त्यात धातुकाम करणाऱ्या कारागिरांच्या संघटनेस मानाचे स्थान होते. दुसरी, बंबाच्या काळात साधन व भांडवल एकरूप होते. आधुनिक साधनांनी ही एकरूपता मोडली आणि निवडीतील चूक थेट कर्जाच्या रूपाने मालकावर येऊन पडू लागली. तिसरी, आजच्या अर्थपुरवठ्यात साधनाच्या खरेदीची तरतूद आहे, निर्वाहाची नाही. आणि त्यामुळे होणारी हानी सर्वांत अधिक भोगावी लागते ती ज्यांच्याजवळ दुसरे भांडवल नाही अशा डोंगरी भागातील कुटुंबांस.

जुन्नरच्या दात्यांनी पोढी कोरून दिली आणि तिच्याबरोबरच करंजाची झाडे, शेते व श्रेणींतील ठेवी यांचाही विचार केला. त्यांपैकी कित्येक पोढ्यांत आजही पावसाचे पाणी साठते. साधनाची किंमत विचारणाऱ्याने त्याच वेळी त्याच्या निर्वाहाची किंमतही विचारावी, आणि ती कोणी, किती व किती काळ द्यावयाची हे आधी लिहून ठेवावे, एवढी शिस्त जरी या भागातील निवासव्यवसायात रुजली, तरी लेण्यांतील त्या जुन्या हिशेबांचे चीज झाले असे म्हणावयास हरकत नाही.